स्वमग्न मूल, आशेचा बाजार आणि समाजाचे कर्तव्य



अडीच-तीन वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणावे. दिसायला गोजिरवाणे, रांगणे, चालणे, धावणे सारे वेळेवर झालेले. परंतु नावाने हाक मारली तर ते वळून पाहत नाही. पाणी हवे असेल तर बोट दाखवीत नाही; आईचे मनगट धरून तिला माठापाशी नेते. खेळण्यातील मोटार जमिनीवर चालविण्याऐवजी ती उलटी करते आणि तिचे एकच चाक तासन् तास फिरवीत बसते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात दाबून किंचाळते. दीड वर्षाचे असताना ‘आई’, ‘चिऊ’ असे दोन-चार शब्द बोलत होते. तेही हळूहळू मावळले. घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, ‘अहो, याचा बापही उशिराच बोलू लागला होता.’ या धीरात एक वर्ष निघून जाते. मग एके दिवशी डॉक्टर एक शब्द उच्चारतात : ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

दवाखान्याबाहेर अजून वीस माणसे खोळंबलेली असतात. ‘यावर औषध नाही, थेरपी सुरू करा,’ एवढेच ऐकून ते दांपत्य जिना उतरते. थेरपी म्हणजे काय, ती कुठे मिळते, किती दिवस चालते आणि शेवटी काय होते, यांपैकी कशाचेच उत्तर त्यांच्याजवळ नसते. आठवडाभरात मात्र उत्तरांची रीघ लागते. कोणी सांगते, गहू आणि दूध बंद करा. कोणी खात्रीच्या पुड्यांचा पत्ता देते. कोणी मूलपेशींच्या उपचाराची जाहिरात पुढे करते. कोणी कुलदैवताचे काही राहून गेले असल्याचे सुचविते. आणि ते दोघे एकेक दार ठोठावू लागतात.

या दारोदार फिरण्याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणे फार सोपे आहे. परंतु असे फिरणारे आईबाप भोळे नसतात. त्यांत अभियंते असतात, शिक्षक असतात, स्वतः डॉक्टरही असतात. त्यांना कोणते भय पळवीत असते, हे समजून घेतल्यावाचून त्यांच्या शोधाचा अर्थ लागत नाही.

आईवर ठेवलेला ठपका

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणे त्यात नोंदविली होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स ॲस्परगर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले. कॅनर यांनी मुलांबरोबर त्यांच्या आईबापांचेही वर्णन केले आणि त्यांच्यातील भावनिक थंडपणाचा उल्लेख केला. त्या उल्लेखातून पुढे ‘शीतपेटीसारखी आई’ ही अत्यंत क्रूर कल्पना रूढ झाली. शिकागो येथील ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आईने मनापासून माया केली नाही म्हणून मूल स्वतःच्या कोशात गेले, असे एका संपूर्ण पिढीतील मातांना तज्ज्ञांच्या तोंडून ऐकावे लागले.

हा कलंक पुसण्यास प्रारंभ केला तो एका पित्याने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील बाब आहे, संगोपनातील दोष नव्हे, हे त्यांनी १९६४ साली ग्रंथरूपाने मांडले. १९६९ मध्ये कॅनर यांनीही पालकांच्या मेळाव्यात आईबापांना दोषमुक्त ठरविले. १९७७ साली ब्रिटनमध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा किती मोठा आहे ते स्पष्ट झाले. एका मुलास स्वमग्नता असेल, तर त्याच्या पाठच्या भावंडात ती आढळण्याची शक्यता साधारण पाचात एक इतकी असते, हे आज ज्ञात आहे.

या इतिहासात आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. ज्या विद्येने वीस-पंचवीस वर्षे आईलाच आरोपी ठरविले, तिच्यावरून पालकांचा विश्वास उडाला तर नवल ते काय? ज्या रिमलँड यांनी पालकांना दोषमुक्त केले, तेच पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचे आणि पुरेशी कसोटी न लागलेल्या अन्य उपचारांचे पुरस्कर्ते झाले. तज्ज्ञांनी अपमान केला म्हणून पालकांनी तज्ज्ञांकडे पाठ फिरविली आणि त्या मोकळ्या जागेत बाजार शिरला.

आपल्याकडे तो ठपका अद्याप पुसला गेलेला नाही. ‘नोकरी करते, मुलाकडे लक्ष नाही’, ‘सारखा मोबाइल हातात देते’ अशी वाक्ये सुशिक्षित घरांतही ऐकू येतात. लहान मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, हे खरेच. परंतु मोबाइल दिल्याने आईने मुलास स्वमग्न केले, हा शीतपेटीच्याच आरोपाचा नवा अवतार आहे. आणि जिच्यावर आरोप होतो, ती आई निर्दोष ठरण्यासाठी कोणताही उपचार करून पाहण्यास तयार होते.

आशेला पुरावा कसा दिसतो?

‘पण गुण आला हो!’ असे अनेक पालक सांगतात. ते खोटे बोलत नसतात. १९९८ साली अमेरिकेत सिक्रिटिन नावाच्या संप्रेरकाचा मोठा गाजावाजा झाला. पचनसंस्थेच्या तपासणीसाठी ते टोचले असता तीन स्वमग्न मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसल्याचे वृत्त आले. दूरचित्रवाणीवरून ते घरोघर पोहोचले आणि हजारो पालकांनी मुलांना हे इंजेक्शन देवविले. पुढच्या वर्षी रीतसर कसोटी झाली. ६० मुलांपैकी काहींना सिक्रिटिनची एक मात्रा, तर काहींना केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. कोणाला काय दिले, हे पालकांना ठाऊक नव्हते. निष्कर्ष असा निघाला की सुधारणा दोन्ही गटांत दिसली आणि जवळपास सारखीच दिसली. याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी सिक्रिटिनमध्ये आपल्याला रस असल्याचे कळविले.

मिठाच्या पाण्याने मूल कसे सुधारले? त्याची कारणे साधी आहेत. एक म्हणजे स्वमग्न मूलही वाढत असते. सहा महिन्यांत ते आपल्या गतीने काही शिकतेच; त्याच सुमारास जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरात ते श्रेय पडते. दुसरे, आईबाप नव्या उपचाराकडे वळतात ते परिस्थिती फार बिघडली असताना. झोप नाही, रडणे थांबत नाही, अशा आठवड्यानंतर पुष्कळदा थोडा बरा आठवडा येतोच. तिसरे, घरात आशा आली की आईच्या आवाजातील ताण ओसरतो, ती मुलाशी अधिक खेळते, त्याचा प्रत्येक हुंकार टिपते. आणि चौथे, पालक एका वेळी एकच उपाय करीत नाहीत. पथ्य, पुड्या, मालीश आणि थेरपी सारे एकत्र चालते. मग गुण कशाचा, हे ठरविणार कसे? म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट लागतो.

उपचार नव्हे, अपाय

‘गुण आला नाही तरी बिघडले काय?’ असा युक्तिवाद केला जातो. बिघडते; कधी कधी फार बिघडते.

१९९८ सालीच ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड यांनी केवळ १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित करणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातील गैरप्रकार उघड झाले. २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव वैद्यकीय नोंदणीपुस्तकातून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ बालकांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत असल्याचे आढळले नाही. ही लस बाळ साधारण वर्ष-सव्वा वर्षाचे झाल्यावर दिली जाते आणि काही स्वमग्न मुलांचे आलेले शब्द त्याच सुमारास हरपतात. या दोन घटना लागोपाठ घडल्याने एक दुसरीचे कारण वाटली, एवढेच. मात्र त्या भयापोटी जी मुले लशीविना राहिली, त्यांच्यातील काहींना गोवराने गाठले.

लशींतील पाऱ्याने मेंदू बिघडतो, असा दुसरा समज. वस्तुतः गोवर-गालगुंड-रुबेला लशीत पाऱ्याचे संयुग नसतेच. तरीही शरीरातील धातू ‘उपसून’ काढण्यासाठी चिलेशन नावाची रासायनिक प्रक्रिया मुलांवर होऊ लागली. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्वेनिया राज्यात अशा उपचारादरम्यान पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला. टोचलेल्या रसायनाने रक्तातील कॅल्शियम खेचून घेतले आणि हृदय थांबले. ज्याला मुळात कोणताही जीवघेणा आजार नव्हता, तो मुलगा उपचाराने गेला.

आपल्या देशात पुष्कळ पैसा ओढणारा एक प्रकार मूलपेशींचा. मुलास भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढायची आणि तीतील पेशी पाठीच्या कण्यातील द्रवात सोडायच्या, असे त्याचे स्वरूप. खर्च लाखांच्या घरात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर नाळेच्या रक्ताची रीतसर कसोटी झाली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला : सामाजिक संपर्कक्षमतेच्या मुख्य निकषावर उपचार घेतलेल्या मुलांत लक्षणीय अधिक सुधारणा दिसली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने स्वमग्नतेवर मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, तसेच अशा उपचारांचा प्रसार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे स्पष्ट केले. एवढे होऊनही दागिने गहाण पडतात, हे वास्तव आहे.

पथ्याचा मार्ग तुलनेने निरुपद्रवी भासतो. गहू सोडणे महाराष्ट्रीय घरास फार अवघड नाही. ज्वारी, तांदूळ, नाचणी हाताशी असतात. परंतु यातील बहुतेक मुले मुळातच चार-पाच पदार्थांखेरीज कशाला तोंड लावीत नाहीत. शाकाहारी घरात त्यांतून दूध आणि दहीही वजा केले तर प्रथिने आणि कॅल्शियम येणार कोठून? आणि या पथ्याने स्वमग्नता निवळते, असे काटेकोर कसोट्यांतून सिद्ध झालेले नाही.

परंपरेचा कौल

येथे कोणी विचारील, मग आयुर्वेदाचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आयुर्वेदाच्याच कसोटीवर द्यावयास हवे. चरकसंहितेत व्याधींची साध्य, याप्य आणि असाध्य अशी विभागणी आहे. काय बरे होते, काय केवळ आटोक्यात राहते आणि काय बरे होत नाही, हे ओळखणे हाच वैद्याच्या ज्ञानाचा कस मानला आहे. असाध्यास हात घालून बरे करण्याची बढाई मारणारा आपली विद्या आणि यश दोन्ही गमावतो, असा इशाराही तेथे आहे. प्राणांचे रक्षण करणारे वैद्य आणि रोगाचीच पाठराखण करणारे भोंदू यांची लक्षणे चरकाने वेगळी करून सांगितली आहेत. तेव्हा शंभर टक्के खात्रीची जाहिरात करणारा मनुष्य आयुर्वेदाचे नाव घेत असला, तरी तो आयुर्वेदाचा वारस नव्हे.

परंपरेविषयी खरा अभिमान असेल, तर तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाची परीक्षा आपणच अधिक कठोरपणे घेतली पाहिजे. २००८ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. लेबल नसलेली, घटक न सांगितलेली पुडी तीन वर्षांच्या बालकाच्या पोटात जाताना हे स्मरणात असावे. अभ्यंगाने मूल शांत होत असेल, संगीताने रमत असेल, योगासनांनी त्याच्या दिवसाला लय येत असेल, तर त्याला आडकाठी नाही. पूरक आणि पर्यायी यांतील भेद मात्र ध्यानी घ्यावा. जे शिकण्याबरोबर चालते ते पूरक. शिकणे बंद करून त्या जागी बसते ते पर्यायी. धोका दुसऱ्यात आहे, कारण त्यात वर्षे जातात.

आधुनिक वैद्यकानेही येथे नम्र असावयास हवे. रिस्पेरिडोनसारखे औषध मुलाचा तीव्र चिडखोरपणा, स्वतःला इजा करून घेणे कमी करू शकते. २००२ साली १०१ मुलांवरील कसोटीत ते दिसून आले. परंतु ते स्वमग्नतेवरील औषध नव्हे.

गोव्यातील एक धडा

मग करावे काय? याचे एक उत्तर गोव्यात सापडते. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या एका गटाने मिळून ६५ मुलांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ पद्धत ब्रिटनमधली. ती दक्षिण आशियातील घरांना अनुरूप करून घेण्यात आली. यात औषध नाही, यंत्र नाही. विशेषज्ञ नसलेला, पण नीट प्रशिक्षण दिलेला कार्यकर्ता सहा महिने दर पंधरवड्यास पालकांची भेट घेतो. आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण करतो आणि तेच आईला दाखवितो : ‘पाहा, येथे तुम्ही त्याच्या नजरेमागे गेलात, त्याला आवडणाऱ्या चाकाविषयी बोललात, आणि त्याने तुमच्याकडे पाहिले.’ मुलाला आपल्या खेळात ओढण्याऐवजी आपण त्याच्या खेळात शिरायचे, हे त्यामागील सूत्र.

परिणाम काय झाला? पालक मुलाच्या कलाने संवाद साधू लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. परंतु एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून लक्ष देण्याचे प्रमाण मात्र घटले. संशोधकांनी तेही लपविले नाही. खऱ्या प्रयत्नाची ओळख अशी असते. तो चमत्कार सांगत नाही. काय साधले आणि काय साधले नाही, दोन्ही सांगतो. ज्या आईला एकेकाळी दोषी ठरविले होते, ती येथे उपचाराच्या केंद्रस्थानी आली, हेही लक्षणीय आहे.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. स्वमग्नता हा काही ज्वरासारखा येऊन जाणारा रोग नव्हे. परंतु परिचारकाचे जे गुण तेथे गणले आहेत, म्हणजे सेवेचे ज्ञान, दक्षता, जिव्हाळा आणि शुचिता, ते याही प्रसंगी तंतोतंत लागू पडतात. आपण वैद्य बदलत राहतो, औषध बदलत राहतो. परिचारकाचा पाद मात्र दुबळाच राहतो.

आमच्या माघारी याचे कोण?

पालकांना पळविणारे भय कोणते, हा प्रश्न प्रारंभी निघाला होता. त्या भयाचे नाव आहे, ‘आमच्या माघारी याचे कोण?’ प्रत्येक नव्या दारावर आईबाप मूल बोलावे एवढेच मागत नसतात. आपण नसताना त्याला कोणावाचून अडू नये, हे मागत असतात. पूर्ण बरे करण्याचे आश्वासन लाखमोलाचे वाटते, ते यामुळे. या प्रश्नाचे उत्तर समाजाने दिले नाही, तर ते बाजार देणारच.

शासनाने काही पायऱ्या बांधल्या आहेत. स्वमग्नता आदी स्थितींतील व्यक्तींसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद त्यात आहे. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला आणि तिचे प्रमाणपत्र मिळू लागले. पण ही माहिती किती घरांत पोहोचली? आणि कायदा मुलाला खेळावयास सवंगडी देत नाही. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, म्हणजे आपले आहे.

जगात साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. याचा अर्थ प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाळेत असे मूल आहे. तेथील कार्यकर्त्याने, तेथील गृहिणीने काय करावे? आठवड्यातून दोन तास त्या मुलाजवळ बसावे, म्हणजे त्याच्या आईला झोपता येईल. उत्सवातील ध्वनिवर्धक त्या घरापासून थोडा दूर लावावा. हळदीकुंकवाला त्या आईला मुलासह बोलवावे; मूल किंचाळले तर माना वळवू नयेत. शाळेने प्रवेश नाकारला तर पालकांसोबत मुख्याध्यापकांकडे जावे. प्रमाणपत्राच्या रांगेत वडिलांबरोबर उभे राहावे. आणि ‘सून नोकरी करते ना, म्हणून’ असे वाक्य कानी आले, तर ते तेथल्या तेथे खोडून काढावे.

पालकांनीही नव्या उपचारास होकार देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हा उपचार न घेतलेल्या मुलांशी तुलना झाली आहे काय? यातून अपाय कोणता होऊ शकतो? गुण आला की नाही हे ठरविणारा आणि पैसे घेणारा एकच तर नाही ना? चालू असलेले शिक्षण थांबवावे लागेल काय? घटक आणि खर्च लेखी मिळतील काय? जो या प्रश्नांनी रागावतो, त्याच्या दारातून परतावे.

मुलाचा स्वीकार म्हणजे हार मानणे नव्हे. ज्या आईबापांनी मूल आहे तसे स्वीकारले, तेच त्याला शर्टाची गुंडी लावायला, चित्रांच्या कार्डांवर बोट ठेवून ‘पाणी’ मागायला, रस्ता ओलांडायला चिकाटीने शिकवू शकतात. कारण त्यांची शक्ती दारोदार फिरण्यात खर्च होत नाही. परंतु हा स्वीकार त्यांनी एकट्याने करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. वस्तीने आधी तो केला, तर ‘आमच्या माघारी याचे कोण?’ या प्रश्नावर ‘आम्ही’ असे म्हणणारी चार घरे उभी राहतील. ज्या दांपत्याला ती चार घरे लाभतील, त्याला गहाण ठेवण्यासाठी दागिने शोधावे लागणार नाहीत.